बाजार खुला झाला की शेजारी एकमेकांची नदी-हवाही सांभाळतात का?

मृण्मयी_माटुंगा (धागाकर्ती)
मी मुंबईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शुक्रवारी बारावीच्या वर्गात साफ्टा घेत होते. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, २००४ साली इस्लामाबादला सह्या, १ जानेवारी २००६ पासून लागू, एवढं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग नेपाळची वीज आपल्याकडे मुंबईत येते का? आणि येत असेल तर तिथल्या नदीचं काय होतं?"
मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सांगते म्हणाले, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.
माझा आजवरचा समज असा: व्यापार वाढला की उत्पन्न वाढतं, पोट भरलं की लोक स्वच्छ हवा मागायला लागतात, आणि रोजची देवघेव असलेले देश नदी-जंगलाच्या प्रश्नावरही एकमेकांशी बोलतात. हे बरोबर आहे का? पुस्तकातलं माझ्याकडे आहे. तुमच्या कामातलं, पाहिलेलं सांगा.

अश्विनी_ठाणे
छान विषय. वाचते आहे.

ईशान_क
मी कंपनीच्या कामासाठी २०१३ ते २०१६ काठमांडूत होतो, म्हणून लिहितो.
तिथे हिवाळ्यात वीज किती वेळ जाणार याची तालिका असायची आणि सगळं घर त्या तालिकेवर चालायचं. नद्या बर्फाच्या पाण्यावर. थंडीत पाणी आटलं की वीजही आटायची. मग प्रत्येक हॉटेल, बँक, दवाखाना डिझेल जनरेटर लावायचा. काठमांडू म्हणजे डोंगरांच्या मधली वाटी, धूर बाहेर जायला वाट नाही. संध्याकाळी नाक पुसलं की रुमाल काळा.
२०१५च्या शेवटी सीमेवर नाकाबंदीसारखी परिस्थिती होती तेव्हा तर इंधनच येईना. गॅसचा सिलिंडर मिळाला तर अर्धा भरलेला. आमच्या घरमालकीणबाई, वय सत्तरच्या पुढचं, अंगणात तीन विटा मांडून लाकडावर भात शिजवायच्या आणि मला हाक मारायच्या, "खाना खाने?" तो व्यापार थांबला तेव्हा सगळ्यात आधी झाडं तुटली हे मी डोळ्यांनी पाहिलं.
२०१६त नेपाळातल्या ढल्केबरपासून बिहारमधल्या मुझफ्फरपूरपर्यंतची वीजलाइन सुरू झाली. भारतातून वीज जायला लागली, तिथल्या वीज प्राधिकरणाने वाटपही सुधारलं, आणि त्याच वर्षी काठमांडूतली तालिका बंद झाली. जनरेटरचा आवाज थांबला तेव्हा लोक गच्चीवर येऊन उभे राहिले होते.
मृण्मयीताई, तुमचा समज मला तरी खरा वाटतो. व्यापाराने धूर कमी केला.

तारवाला
मी वीज क्षेत्रातून निवृत्त. आयुष्याची बरीच वर्षं कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरच्या, म्हणजे कुठे किती वीज सोडायची ते बघणाऱ्या केंद्राच्या, आसपास गेली.
ईशानने लिहिलंय ते अगदी खरं, पण त्याचं श्रेय साफ्टाला देऊ नका. साफ्टा मालाच्या जकातीचा करार. तारा त्याने ओढल्या गेल्या नाहीत. सार्कचा विजेचा वेगळा करार आहे, नोव्हेंबर २०१४, काठमांडूच्या शिखर परिषदेत झालेला. त्यानंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. तारा पडल्या त्या दोन-दोन देशांनी आपापसांत बसून.
सगळ्यात जुनं आणि भक्कम उदाहरण भूतानचं. चुखा प्रकल्प, ३३६ मेगावॅट, १९८०च्या दशकाच्या शेवटी पूर्ण झाला. पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. उरलेली वीज भारताने घ्यायची. मग ताला, १,०२० मेगावॅट. मग २०१९त मांगदेछू, ७२० मेगावॅट. चुखाच्या वेळी ना साफ्टा होता ना वीज बाजार. एकाकडे उतार आणि पाणी, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक.
बांगलादेशाशी २०१३त बहरमपूर-भेडामारा जोड झाला, ५०० मेगावॅटचा, पुढे १,००० झाला. नेपाळ नोव्हेंबर २०२१पासून आपल्या वीज बाजारात विकायला लागला, सुरुवात ३९ मेगावॅटने. आणि ऑक्टोबर २०२४च्या करारानंतर नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाते. आपली मुंबई उन्हाळ्यात ४,००० मेगावॅटच्या वर मागते, त्यापुढे ४० म्हणजे चिमूटभर. पण तिसऱ्या देशाच्या तारांवरून वीज गेली, ही आपल्या भागात मोठी गोष्ट आहे. मला ती बातमी वाचून फार आनंद झाला होता.

न्हावाशेवा_सीएचए
मी बंदरावर माल सोडवण्याचं काम करतो. बाकीच्यांनी विजेचं लिहिलं, मी तेलाचं लिहितो.
करारातल्या सवलतीसाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं, म्हणजे माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला. या एका कागदावर किती डिझेल जळतं ते ऐका. नेपाळात पामतेलाची शेती नाही. कच्चं तेल इंडोनेशिया-मलेशियातून कोलकाता-हल्दियाला उतरतं. टँकरने नेपाळात जातं. तिथे शुद्ध होतं आणि साफ्टाची सवलत घेऊन टँकरने परत भारतात येतं. आपली जकात जास्त, त्यांची कमी, मधल्या फरकावर सगळा खेळ. जानेवारी २०२०त आपण शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली, मग सोयाबीन तेलाने तोच रस्ता धरला.
याआधी श्रीलंकेबरोबर झालं होतं. त्यांच्याशी आपला करार मार्च २०००पासून लागू आहे. काही वर्षांतच तिकडून वनस्पती तूप आणि तांबं यायला लागलं. श्रीलंकेत ना तांब्याची खाण, ना तेवढं तेल.
जे तेल थेट हल्दियात शुद्ध होऊ शकतं ते हिमालयाच्या पायथ्याला जाऊन परत येतं. हे सहकार्य कसं म्हणायचं? आणि त्या पामतेलासाठी जंगल जळतं, त्याचा धूर सिंगापूरपर्यंत जातो, तो वेगळाच.

प्राजक्ता_एम
@न्हावाशेवा, धुराचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. आसियान देशांनी मुक्त व्यापाराचा करार १९९२त केला. धुराचा करार २००२त. आणि ज्या देशात जंगल जळतं त्या इंडोनेशियाने तो मान्य केला २०१४त. व्यापार आणि हवा यांच्यात बावीस वर्षांचं अंतर.
मी पर्यावरण कायद्यावर काम करते. या प्रश्नावर सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो नाफ्टाचा, अमेरिका-कॅनडा-मेक्सिको, १ जानेवारी १९९४. तेव्हा अमेरिकेतल्या पर्यावरणवाल्यांनी आणि कामगार संघटनांनी एवढा आवाज केला की व्यापार कराराला जोडून पर्यावरणाचा वेगळा करार करावा लागला. त्यातून माँट्रियलला एक आयोग बसला. त्यातली मला आवडणारी तरतूद ही की तिन्ही देशांतला कुठलाही साधा नागरिक तिथे लिहून देऊ शकतो: माझं सरकार स्वतःचाच पर्यावरण कायदा पाळत नाही. वकील लागत नाही. सीमेवरच्या गावांतल्या सांडपाण्यासाठी वेगळी बँकही काढली, सॅन अँटोनियोला. ती पूर्वीही मैलापाण्याच्या प्रकल्पांना कर्ज देत होती, आजही देते.
मृण्मयी, म्हणजे व्यापाराने सहकार्य आपोआप आणलं नाही. भांडून मागितलं तेव्हा मिळालं.

गिरगावकर७४
आयोगाने कुणाचं काय थांबवलं? एक तरी उदाहरण द्या. समित्या माणसाला जेवू घालत नाहीत. ज्या देशात हिवाळ्यात सोळा-सोळा तास दिवे नसायचे, त्याला आधी वीज मिळू दे. नदीचं नंतर बघता येईल.

प्राजक्ता_एम
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मला आवडणारं नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधायचा होता, प्रवाळांच्या रांगेशेजारी. १९९६त तिथल्या संस्थांनी तक्रार केली. आयोगाने १९९७त सगळी तथ्यं नोंदवून छापली. धक्का झालाच. आयोगाच्या हातात एवढंच, तथ्यं मांडणं.
उलट कंपनीचं नुकसान झालं की नाफ्टात थेट भरपाई मागता यायची. मेक्सिकोतल्या एका गावाने घातक कचऱ्याच्या डेपोला परवानगी नाकारली. अमेरिकन कंपनी लवादात गेली आणि २०००त मेक्सिकोला दीड कोटी डॉलरच्या वर भरपाई बसली. म्हणजे नागरिकाला छापील अहवाल आणि कंपनीला रोकड. माझा राग या तफावतीवर आहे. मुक्त व्यापारावर नाही.
"नदीचं नंतर बघता येईल" याच्याशी मात्र मी सहमत नाही. नदी थांबत नाही.

दर्यावर्दी_वर्सोवा
आमच्या धंद्यातलं सांगतो. मासळीला सीमा कळत नाही.
आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी. आम्ही होड्या ओढून ठेवतो, जाळी विणतो. पण शेजारच्याने त्याच दिवसांत जाळं टाकलं तर आमचं उपाशी बसणं कशाला? मासा अंडी घालायला येतो तो त्याच्या पोटात जातो. हेच बंगालच्या उपसागरात वर्षानुवर्षं चाललं होतं. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून, बांगलादेशाची २० मे ते २३ जुलै. त्यांचे कोळी म्हणायचे, आम्ही घरी बसतो आणि भारतातले ट्रॉलर आमचा मासा नेतात. २०२५पासून बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून केली. आता दोन्हीकडचे जवळजवळ एकाच वेळी घरी बसतात.
आणि हिलसा माशाचा व्यापार बघा. बांगलादेशाने २०१२त निर्यात बंद केली, मधूनमधून दुर्गापूजेला थोडी सोडतात. म्हणजे मासळीचा बाजार बंद आणि मासळी वाचवायचं वेळापत्रक एक. व्यापारामुळे झालं नाही ते. दोन्हीकडचं जाळं रिकामं यायला लागलं म्हणून झालं.

अश्विनी_ठाणे
दर्यावर्दीदादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या बंगाली शेजारणीला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणते वेळापत्रक ठीक, आधी हिलसा पाठवा.

दर्यावर्दी_वर्सोवा
त्यांना म्हणावं, नारळी पौर्णिमेनंतर वर्सोव्याला या. हिलसा नाही, पण पापलेट ताजं देईन.

प्राजक्ता_एम
मासळीचं उदाहरण फार बोलकं आहे. युरोपातही असंच घडलं. १ नोव्हेंबर १९८६ला बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेलं पाणी विष घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं, नदी लाल झाली आणि मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून कार्यक्रम ठरवला की २०००पर्यंत सालमन मासा परत आला पाहिजे, आणि तो आला. बाझेल स्वित्झर्लंडमध्ये. स्वित्झर्लंड तेव्हाही युरोपच्या सामाईक बाजारात सभासद नव्हतं, आजही नाही. नदीचा आयोग मात्र १९५०पासून आहे आणि त्यात ते पहिल्यापासून आहेत.

माझगाव_रे_रोड
दारूखान्याचं, म्हणजे माझगावजवळ जहाजं तोडतात त्या जागेचं, कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. माझे वडील तिथे गॅस कटर चालवायचे. जुनी विक्रांत युद्धनौका तोडली ती दारूखान्यातच, २०१४त. वडील तेव्हा निवृत्त होते, तरी बघायला गेले आणि घरी येऊन जेवले नाहीत.
जहाज तोडणं म्हणजे अलंग, चट्टग्राम, पाकिस्तानातलं गडाणी आणि थोडं दारूखाना. जहाजमालक चारही ठिकाणी भाव विचारतो. जो टनामागे दोन डॉलर जास्त देईल तिकडे जहाज. जास्त देणार कोण? ज्याने ॲस्बेस्टॉस वेगळा करायला पैसा घातला नाही, ज्याने कामगाराला मास्क दिला नाही, तो. वडिलांचा खोकला मी लहानपणापासून ऐकला.
शेजाऱ्यांमध्ये असा बाजार असेल तर एकट्याने सुधारणं म्हणजे धंदा घालवणं. हाँगकाँग करारात जहाजतोडणीचे नियम सगळ्यांना एक केलेत. भारत त्यात २०१९त गेला, बांगलादेश २०२३त, आणि २६ जून २०२५पासून तो लागू झाला. बनवला होता २००९त. मधल्या सोळा वर्षांत किती जणांची फुप्फुसं गेली याची मोजदाद कुठे आहे?

गिरगावकर७४
माझगाव, वाचून गप्प बसलो. मी वर जे "नंतर बघता येईल" लिहिलं ते मागे घेतो.

मुळशीकर_परळ
आमचं गाव मुळशी धरणाखाली आहे. मी परळला जन्मलो, पण आजोबांचं घर त्या पाण्यात.
वरचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळे देशाच्या सीमेबद्दल बोलतायत. आमच्यासाठी सीमा होती ती घाटमाथ्याची. वर मावळ, खाली मुंबई. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळा-नीला नद्यांवर धरण बांधलं, पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं, भिऱ्याच्या वीजघरावर उतरवलं. १९२१त मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, बायाबापड्या मातीच्या भरावावर आडव्या झाल्या, तुरुंगात गेल्या. धरण झालंच. त्या विजेवर चालणाऱ्या गिरणीत पुढे माझे आजोबा साच्यावर लागले. परळच्या चाळीत रात्री दिवा लागला की आजी म्हणायची, "लागला आपल्या गावाचा दिवा."
त्या मुलीने विचारलं की तिकडच्या नदीचं काय होतं. ताई, तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच मुंबईला विचारायला हवा होता. विजेचा भाव ठरतो तेव्हा टेबलावर विकणारा असतो, घेणारा असतो. ज्याचं शेत बुडतं तो नसतो. एका राज्यात आम्हाला कुणी विचारलं नाही, तर दोन देशांच्या करारात नदीकाठच्या माणसाला कोण विचारणार?

ईशान_क
मुळशीकरदादा, नमस्कार. गच्चीवर उभ्या राहिलेल्या लोकांचं मी लिहिलं. नदीकाठच्या लोकांकडे मी कधी गेलोच नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

तारवाला
मुळशीकर, तुमच्या आजीच्या वाक्यानंतर काही लिहावंसं वाटत नव्हतं. पण दोन गोष्टी राहिल्यात आणि त्या तुमच्याच मुद्द्याच्या आहेत.
पहिली. त्रिपुरातल्या पालाटाना वीजप्रकल्पाची अवजड यंत्रं न्यायची होती. डोंगरातून रस्ता नव्हता, म्हणून बांगलादेशाने आपल्या भूमीतून वाट दिली, आणि त्याची जाण ठेवून २०१६पासून त्रिपुरातून कुमिल्लाला १०० मेगावॅट वीज गेली. शेजारधर्माचं सुंदर उदाहरण म्हणून मी ते कितीतरी वेळा सांगितलंय. पण ते ट्रेलर नेण्यासाठी आखाउडाजवळ तितास नदीच्या पात्रातच मातीचा भराव घालून रस्ता केला होता. खालून पाइप टाकले, ते पुरले नाहीत. नदी अडली, कोळी आणि शेतकरी ओरडले, तिथल्या लोकांनी आंदोलन केलं. नंतर तो भराव काढला. सहकार्याचा करार होता, नदीचा विचार करारात नव्हता.
दुसरी. कुठल्या नदीवर धरण होणार हेही आता गिऱ्हाईक ठरवतं. नेपाळातल्या ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक आहे त्याची वीज भारत घेत नाही. म्हणजे ज्या नदीवर आपल्या पसंतीचा पैसा लागेल, ती आधी अडवली जाणार. आणि जानेवारी २०२४त ठरलंय की दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॅट घ्यायची. एवढ्या नद्यांवर एकदम काम निघणार. वर हिमतलाव आहेत. ऑक्टोबर २०२३त सिक्कीममध्ये असा एक तलाव फुटला आणि तीस्तेवरचं १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. वरच्या देशाने तलावाची पातळी खालच्या देशाला वेळेवर कळवणं हे वीज खरेदीच्या करारातच अट म्हणून घातलं पाहिजे. वीज दर पंधरा मिनिटांनी मोजतो आपण. पाणी मोजायला काय हरकत आहे?

अश्विनी_ठाणे
हवेचं काय? दिल्लीचा, लाहोरचा, ढाक्याचा धूर तर एकच.

प्राजक्ता_एम
त्यावर १९९८चा माले जाहीरनामा आहे. हवा सीमा ओलांडते हे सगळ्या दक्षिण आशियाई देशांनी तेव्हाच मान्य केलं. बंधन कुणावर काहीच नाही. तारवालाकाकांचा शेवटचा मुद्दा मी कायद्याच्या भाषेत लिहून बघणार आहे. गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६चा, मुदत तीस वर्षं, म्हणजे २०२६अखेर. त्यात गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यावर कोरड्या महिन्यांत कुणाला किती पाणी, एवढंच ठरलेलं आहे. नदीतल्या मासळीसाठी, सुंदरबनात गोडं पाणी जाण्यासाठी वेगळा हिस्सा नाही. नवा करार होईल तेव्हा तो मागायला हवा, आणि माँट्रियलसारखी तक्रारीची खिडकीही. दात नसले तरी चालतील, खिडकी हवी.

मृण्मयी_माटुंगा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं. माझा समज बदलला आहे. व्यापाराने काठमांडूतल्या जनरेटरचा धूर गेला हे खरं, पण नदी त्याच व्यवहारात आपोआप सांभाळली गेली असं एकही उदाहरण इथे आलं नाही. दर्यावर्दीदादांकडे व्यापार बंद होता तरी झालं, ऱ्हाईनवर बाजाराबाहेरचा देशही बसला होता. जिथे दोघांचंही नुकसान दिसायला लागलं किंवा लोकांनी भांडून मागितलं, तिथेच झालं. मुलांना हेच सांगणार, दारूखाना आणि मुळशीसकट.
पण काका, मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग राहिलाच. नेपाळची वीज मुंबईत येते का?

तारवाला
येते म्हटलं तरी चालेल, नाही म्हटलं तरी चालेल. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड जोडली गेली आणि देशाची एकच ग्रिड झाली. भूतान आणि नेपाळही तिच्याशी त्याच तालात जोडलेले आहेत, सेकंदाला पन्नास फेरे. बांगलादेश वेगळ्या तालात, मध्ये डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, जोड. त्यामुळे नेपाळातलं टर्बाइन आणि आपलं भिऱ्याचं टर्बाइन एकाच तालात फिरतं. तिकडे एखादं मोठं यंत्र बंद पडलं तर वारंवारता कणभर उतरते, आणि तो कण इथे दादरच्या प्लगमध्येही उतरतो. कुठल्या नदीची वीज कुठल्या दिव्यात गेली हे मात्र वेगळं काढता येत नाही. तिला सांगा, पावसाळ्यात नेपाळ विकतो आणि हिवाळ्यात आपल्याकडूनच घेतो. तेव्हा आपल्या कोळशाचा धूर तिकडच्या दिव्यातही असतो.

मुळशीकर_परळ
ताई, मुलांना घेऊन एकदा मुळशीला या. आत्या तिथेच राहते, काठावर. ती दाखवेल कुठे काय होतं ते.

मृण्मयी_माटुंगा
नक्की येणार. परीक्षा संपल्यावरचा शनिवार चालेल का? साठ मुलं आहेत.

मुळशीकर_परळ
चालेल. आत्याला आजच फोन करतो. भाकऱ्या गावातून करून घेऊ.